खाऱ्या पाण्यातली ओवी

आक्काताईंचं वल्हं पाण्यात जात होतं, पण पाणी ओढत नव्हतं.

दोघींच्या त्या चिंचोळ्या कयाकमध्ये मागं बसलेल्या वर्षाराणीला ते सकाळपासनं कळत होतं. पुढं थोरली जाऊ आक्काताई, मागं ती. लग्नाघरी हळद दळायला दोघी जावा जात्यावर बसतात, आणि एक दमली की खुंट्यावर नुसता हात ठेवते. दुसरीला जातं जड लागतं, पण ती बोलून दाखवत नाही. राधानगरीकडं ही रीतच आहे. म्हणून वर्षाराणीही बोलली नव्हती.

पण जातं एका जागी फिरतं. इथं समोरून वारा उठला होता. रत्नागिरी सोडून आठवडा होत आलेला, वेंगुर्ल्याच्या अलीकडचं एवढं एक टोक वळायचं राहिलेलं. वारा वाढायच्या आत ते मागं पडलं नाही, तर सोबतीच्या होडीत चढावं लागणार होतं. आणि होडीला एकदा हात लावला की सफर तिथंच संपली, हे दोघींनीच ठरवलेलं.

तळहातावरचे फोड फुटून वल्ह्याला चिकटत होते. काखा मिठानं सोलवटल्या होत्या. कमरेखालचं अंग आपलंच आहे का, ते चाचपून बघावं लागत होतं. गावाकडं सराव केला त्या धरणाच्या पाण्यानं असा छळ कधी केला नव्हता. तरी सकाळी डॉल्फिन दिसले तेव्हा आक्काताई खुदकन हसल्या होत्या, आणि अंगावर पदर नसताना पदर तोंडाला लावायला गेल्या होत्या.

सोबतीच्या होडीतून आक्काताईंचे यजमान, बाळासो, ओरडले, "अगं, बस झालं की आता. चढा वर दोघी. गावात फ्लेक्स लागलाय म्हणून काय जीव द्यायचाय व्हय?"

"फ्लेक्स तुम्हीच लावलाय न्हवं," आक्काताई पुटपुटल्या. ते वर्षाराणीलाच ऐकू आलं.

मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "वर्षा, माज्या वल्ह्याची वड लागतीया का गं?"

वर्षाराणीनं समोरच्या मानेकडं पाहिलं. सालपटं निघालेली, मिठानं पांढरी पडलेली मान. जात्यावर असती तर 'व्हय की' म्हणून मोकळी झाली असती.

"न्हाय, आक्का. सकाळपासनं न्हाय."

आक्काताईंचं वल्हं अधांतरी थांबलं. "मग मार हाक होडीला."

"हाक मारत न्हाय. वल्हं मांडीवर आडवं ठेवा आन् ओवी म्हणा. तालावर माझा हात चालंल."

"घसा सुकलाय गं माजा."

"सुकल्या घशानं म्हणा."

आक्काताईंच्या ओव्या आळीला पाठ होत्या. त्यांत भाऊ यायचा, बाप यायचा, माहेरची वाट यायची. जाऊ आलीच तर उणंदुणं काढायला.

त्यांनी वल्हं मांडीवर घेतलं. वाऱ्यानं कयाक थोडी मागं सरली. मग चिरकलेला सूर आला:

"खाऱ्या पाण्याची गं वाट, वारा येतोया आडवा,
जाऊ माझी वर्षाराणी, तिच्या हाताला गोडवा…"

वर्षाराणीचा हात एकदा चुकला. पुढच्या खेपेला तालावर पडला. डावीकडचा काळा खडक दुपारपासनं अडून बसला होता, तो बोटभर मागं सरकला.

आक्काताईंनी दुसरी धरली.

होडीत बाळासो बायकोच्या पाठीकडं बघत उभे राहिले. मग होडी हाकणाऱ्या तांडेलाकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "पावणं, ते इंजान जरा बंद करा. ऐकू द्या."