उजव्या बाजूचा पत्रा

पायरी ४३८. उजव्या बाजूचा पत्रा बसवा. करडे सपाट तुकडे, सहा. टक् असा आवाज आला पाहिजे.

टक्.

"झालं," मेरेते म्हणाली आणि तिने स्वतःच तयार केलेली जोडणी-पुस्तिका मिटली.

वाढदिवसाच्या टेबलावर आता केकलाही जागा उरली नव्हती. इंगरकाकूने वाढदिवसाला मांडायचा छोटा झेंडा उचलून खिडकीत ठेवला, बश्या एकावर एक रचल्या. मधोमध ट्रॅक्टर, त्याच्या मागे जोडलेलं, शेतातून साखरेचं बीट काढायचं यंत्र. पाती, साखळी, टाकी, सगळं खेळण्यातल्या विटांचं. खऱ्याच्या सतराव्या हिश्शाएवढं.

थोरकिल त्या दिवशी पंच्याहत्तर वर्षांचा झाला होता. पुतणी मेरेते सत्तावीस वर्षांनी त्याच्या स्वयंपाकघरात आली होती.

"चालव की," तो म्हणाला.

मेरेतेने बटण दाबलं. इवलीशी मोटार घुरघुरू लागली. पाती फिरली. साखळी वर चढू लागली आणि बीट म्हणून ठेवलेले पांढरे गोल तुकडे एकेक करून टाकीत पडले.

थोरकिल वाकला. "चाकं तांबडी होती."

"तेवढी तांबडी मिळाली नाहीत, काका."

"आणि टाकीची कडा एवढी उंच नव्हती. बीट बाहेर सांडायचे. तुझा बाप शिव्या घालत वेचायचा."

"मग एक थर काढते. मी नुसत्या माहितीपत्रकावरून बांधलंय, खरं चालवलंय तुम्ही. जे चुकलं असेल ते सांगा."

पायरी ४३९. माणूस. पिवळा रेनकोट. साखळीच्या खालच्या टोकाशी ओणवा ठेवा.

हा माणूस मेरेतेने खिशातून काढला आणि पत्र्याच्या मागे नेऊन ठेवला. इंगरच्या हातातली किटली कपावर तशीच थांबली.

"आज नको गं," ती म्हणाली. "आज वाढदिवस आहे त्याचा."

"आजच, काकू. चांगलंच सांगायला आलेय."

तिने ट्रॅक्टरवरचा चालक उपटला. त्याच्या डोक्याच्या जागी मोबाइलचा कोपरा टेकवला, कॅमेरा मागे बघेल असा, आणि खाली साखरेचा डबा सरकवला. मोबाइल हलेना.

"बाबा चिखल काढायला वाकले होते. तुम्ही यंत्र सुरू केलंत. पोलिसांना म्हणालात, मला तो दिसला नाही. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. मला वाटलं, हा माणूस खोटं बोलतोय. काल-परवापर्यंत तेच वाटत होतं." तिने मोबाइलच्या पडद्याकडे बोट केलं. "बघा."

पडद्यावर करडा पत्रा. नुसता पत्रा.

"मान कशीही वळवा. सीटवर उभे राहा. नाही दिसत. दहादा करून पाहिलं मी." ती त्याच्याकडे वळली. "माझं चुकलं, काका."

इंगर खुर्चीत बसली. किटली अजून तिच्या हातातच होती.

"ऐकलंस? मी सांगत होते ना तुला. शक्यच नव्हतं. ऐकलंस का रे?"

थोरकिलने ऐकलं होतं. तो पत्र्याकडे बघत होता.

"बोल्ट किती दाखवलेस याला?"

"चार."

"बरोबर. चारच."

"बरोबर आहे ना, मग झालं तर," इंगर घाईने म्हणाली. "कॉफी गार होतेय. थोरकिल, केक काप. थोरकिल!"

मोटार घुरघुरत होती. त्याने हात पुढे केला. सुरीकडे नाही. अंगठ्याचं जाड नख करड्या तुकड्याखाली सरकवलं.

"काका, ते नका काढू, ते नीट बसलंय. माहितीपत्रकात तसंच—"

"माहितीपत्रकात असेल."

टक्.

"लोलँड बेटाची माती. चिकट. पत्र्यामागे साठायची आणि दर दोन ओळींना ती काढायला खाली उतरावं लागायचं. तुझा बाप, एगोन, म्हणाला, राहू दे, कशाला काढतोस. मी सोमवारी काढला." सहा तुकड्यांचा पत्रा त्याच्या तळहातावर होता. "तो गेला बुधवारी."

"तुला काय आठवतंय आता एवढं," इंगर म्हणाली. "इतकी वर्षं झाली."

"तो पत्रा परसात आहे अजून. तू कुंड्या ठेवतेस त्याच्यावर."

इंगर खिडकीतल्या झेंड्याकडे बघू लागली.

मेरेतेने विचारलं, "म्हणजे बाबा दिसत होते?"

"मान वळवली असती तर."

पायरी ४४०.

ही पायरी पुस्तिकेत नाही.

बटणाकडे कोणाचाच हात गेला नाही. पडद्यावर पिवळ्या रेनकोटातला माणूस टोपीपासून बुटांपर्यंत दिसत होता, आणि त्याच्या बाहीपासून गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर साखळी फिरत होती.