पहाटेची हाक

दुष्काळात ऊसच उरला नाही आणि सहकारी कारखाना बंद पडला. तिथं वीस वर्षं पहाटेचा भोंगा वाजवणारे शहादेव घरी बसले. आपला कुणालाच उपयोग नाही, असं वाटून ते बाहेर पडेनासे झाले. एकदा बायकोनं बळंच आठवडी बाजाराला पाठवलं. तिथं बोरं विकणाऱ्या मदिनाबीनं त्यांना ओळखलं. “भाऊ, तुमच्या भोंग्यावर माझी पोरगी अभ्यासाला उठायची. आता दवाखान्यात नर्स हाय,” म्हणत तिनं त्यांच्या पिशवीत ओंजळभर बोरं टाकली. शहादेव घरी आले ते ताठ मानेनं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला ते गावातल्या दहावीच्या पोरापोरींना दारोदार फिरून हाका मारू लागले. परीक्षा सुरू झाली. एक पोरगी दारात येऊन म्हणाली, “काका, उद्या चारलाच उठवा. गणिताचा पेपर हाय.” “चारला म्हंजे चारला!” शहादेव म्हणाले. “ड्यूटीच हाय माझी.”