पाय लागला

वेल्सच्या डोंगरातल्या एका आडबाजूच्या मठात तरुण भिक्षूंना लढायला शिकवतात. लंडनमधल्या पिनरची कस्तुरी तिथे दाखल झाली, पण आईने लहानपणी लावलेली एक सवय काही सुटेना. समोरच्याला लाथ बसली, की ती लगेच वाकून त्याला हात लावून नमस्कार करायची, आणि त्याचा गुडघा तिच्या तोंडावर बसायचा.

"कोणी वाकलं की हाणायचं! विचार नाही करायचा!" गुरू ओरडायचे.

तिचे दोन दात पडले, तेव्हा कुठे ते अंगात भिनलं.

वर्षभराने ती घरी आली. किचनमध्ये चहा गाळणाऱ्या बाबांचा पाय चुकून तिला लागला.

"सॉरी गं बाळा," म्हणत ते नमस्काराला वाकले.

 

त्यांचा पुढचा दात आईला फ्रीजखाली सापडला.