ठणठणीत बाळ

रोंडाने बाळाच्या छातीला पुन्हा स्टेथोस्कोप लावला. काहीच सापडेना. श्वास स्वच्छ, ठोके एकसारखे, पोट मऊ. तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

अर्धी उमर तिने तान्ह्या बाळांच्या अतिदक्षता विभागात काढली होती. तिथे येणारं प्रत्येक तान्हं मरणाच्या दारातलं. आता केंटकीच्या डोंगरातल्या या दवाखान्यात ती स्वतः मुलं तपासून औषध लिहून देणारी नर्स व्हायला शिकत होती, आणि बरं बाळ कसं दिसतं हेच मेलं तिला कळत नव्हतं. साध्या सर्दीलाही ती शहरातल्या हॉस्पिटलात धाडायची. तिला शिकवणाऱ्या मिस मर्नांनी आज सकाळी तोंडावर सांगितलं होतं, आणखी एक धडधाकट पोर पाठवलंस तर नापास करेन. जुनी नोकरी तर ती सोडून बसलेली. आता जायचं कुठे?

आणि आज नेमकी टॅबिथाच आली होती, या बाळाची आई. विशीतली पोर, केस न विंचरलेले. महिनाभर ती बाळाला, वायटला, घेऊन सारखी येत होती. तक्रार एकच, बाळाला काहीतरी झालंय. मागच्या खेपेला रोंडानेच त्याला हॉस्पिटलात पाठवलं होतं. काही निघालं नव्हतं.

वायट मजेत आईचं बोट चोखत होता. रोंडाने मनाशी हिशेब केला. पाठवलं तर आपलं संपलं. नाही पाठवलं आणि पोराचं बरंवाईट झालं तर? तिने पुन्हा कान पाहिले, घसा पाहिला. शेवटी स्टेथोस्कोप गळ्यातून काढला आणि इतक्या वर्षांत जिभेवर न आलेलं वाक्य कसंबसं म्हटलं.

"बाळ ठणठणीत आहे, टॅबिथा."

टॅबिथाला हायसं वाटायला हवं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"त्याला खरंच काही झालं नाहीये?"

"काहीही नाही."

"मग अंघोळ घालताना त्याला पाण्यात सोडून द्यावंसं का वाटतं मला, मिस रोंडा?"

 रोंडाने वायटला कडेवर घेतलं, दुसऱ्या हाताने टॅबिथाचं मनगट घट्ट धरलं आणि दोघांना घेऊनच बाहेर आली. मिस मर्नांनी तिचा चेहरा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"परत हॉस्पिटल?"

"हो," रोंडा म्हणाली. "पण बाळासाठी नाही."