बुजवून काय फायदा?

"दुधाची दाढ हाय डॉक्टर, पडून नवी येणारच की. बुजवून काय फायदा?" हणमंतराव म्हणाले.

"नवी यायला अजून चार वर्षं आहेत. तोवर पोरीनं चावायचं कशानं?" डॉक्टरनं विचारलं. हणमंतरावांनी सात वर्षांच्या शालूला खुर्चीतून खाली उतरवलं. कस्तुराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठवडाभर लेकीचा सुजलेला गाल तीच शेकत होती.

तिथून तिघं लातूरच्या नव्या जिल्हा कचेरीत गेले. दुष्काळात गावाला टँकर मिळाला होता खरा, पण रस्त्याला इतके खड्डे, की अर्धं पाणी वाटेतच सांडायचं. हणमंतरावांचं गाऱ्हाणं ऐकून साहेब शांतपणे म्हणाले, "नवा जिल्हा झालाय, आता नवा रस्ता होणारच. जुने खड्डे बुजवून काय फायदा?"

हणमंतरावांनी टेबलावर हात आपटला. "अन् नवा होईस्तोवर गावानं प्यायचं काय?"

 

मागच्या बाकावर लेकीचा गाल धरून बसलेली कस्तुराबाई म्हणाली, "अवो, मघा तो डॉक्टर बी तुमाला हेच इचारत व्हता."