फोटो धुवायची खोली

चैतराम गवंड्याने पहार भिंतीला टेकवली आणि दार ढकलून पाहिलं. दार हललं नाही.

"भूपेंद्रभाऊ, आतून कडी लागून आहे. कोन आहे आत?"

भूपेंद्रला विचार करायची गरज नव्हती. आत त्याचा बाप होता. एरवी देवचंद दुपारी जेवण झाल्यावर त्या खोलीत जाई. आज गवंडी येणार म्हणून सकाळचा चहासुद्धा न घेता जाऊन बसला होता.

ती मुळात धानाची कोठी. खिडकी नाही, झरोका नाही. तरुणपणी देवचंदने नवेगाव बांधच्या बाजाररस्त्यावर, घराच्या पुढच्या पडवीत फोटो स्टुडिओ थाटला, तेव्हा आईशी भांडून ही कोठी मागून घेतली आणि तिची डार्करूम केली. लाल बल्ब, तीन ट्रे, ओले फोटो वाळत टाकायला एक दोरी. रंगीत रोल गोंदियाच्या लॅबमध्ये जात. काळ्या-पांढऱ्या फोटोंचं काम मात्र तो घरीच करी. शाळेच्या फॉर्मसाठी, सोयरिकीसाठी पार केशोरीपासून माणसं यायची. लग्न झालं आणि शांतीबाई त्याच्या हाताखाली आली. तिचा हात हलका. कागदावर चेहरा उमटू लागला की तो औषधाच्या पाण्यातून नेमका केव्हा उचलायचा, हे तिला त्याच्याआधी कळे.

मग मोबाइल आले. आधी लोकांनी रोल आणणं थांबवलं, नंतर दुकानात रोल मिळणंच थांबलं. स्टुडिओत भूपेंद्रने कॉम्प्युटर लावला, प्रिंटर आणला, लग्नांच्या शूटिंगसाठी ड्रोन घेतला. देवचंद कधी कुरकुरला नाही. ड्रोन उडाला की तोही लहान पोरासारखा मान वर करून पाही. फक्त डार्करूमला हात लावू देत नसे.

मागच्या पावसाळ्यात शांतीबाई गेली. तेव्हापासून तो रोज आत जाऊ लागला. कडी लावायची, लाल बल्ब पेटवायचा. पाण्याचा आवाज नाही, भांड्याचा नाही. बऱ्याच वेळाने बाहेर यायचा आणि कोणाशी न बोलता खाटेवर पडायचा. धंदा बुडाल्याचा घोर लागला म्हाताऱ्याला, असं गाव म्हणू लागलं. भूपेंद्रलाही तेच वाटे. त्याने बापासाठी चांगला डिजिटल कॅमेरा आणला. देवचंद तो घेऊन तलावावर गेला, बगळ्यांचे फोटो काढले, घरी येऊन सगळ्यांना दाखवले आणि कॅमेरा परत दिला.

"चांगला आहे. पन यात फोटो धुवाच लागत नाही."

"तोच तर फायदा आहे ना, बाबा!"



आता भूपेंद्रला व्हिडिओ मिक्सिंगच्या कामासाठी जागा हवी होती. तसं घरात खोल्यांना तोटा नव्हता. एकेकाळी या घरात तीन भावांचे संसार, त्यांची लेकरं, म्हातारे आई-बाप, येणारे-जाणारे पाहुणे. निजायला ओसरीत जागा मिळत नसे. आता कोणी नागपूरला, कोणी रायपूरला. मागच्या खोल्यांना कुलपं होती. पण गिऱ्हाइकाला मागच्या अंगाला कोण नेणार? मधली एक भिंत पाडली की डार्करूम सरळ स्टुडिओला जोडली जात होती.

"मामाजी," राखीने सासऱ्याला दाराबाहेरून हाक मारली. "दार उघडा ना. जीव घाबरून राहिला आमचा."

 मग कडी निघाली. देवचंद उंबऱ्यात आला. उजेडाने त्याचे डोळे मिटले होते.

"पाडा," तो म्हणाला. "मी कायले आडवा येऊ?"

आणि जिथे गिऱ्हाइकं फोटोसाठी बसत, त्या स्टुलावर जाऊन तो बसला.

भिंत मातीची होती. चार-दोन घावांतच भगदाड पडलं. रस्त्यावरचं ऊन स्टुडिओतून थेट आत गेलं. भूपेंद्रने वाकून पाहिलं. आत जुने फोटो असतील, निगेटिव्हची खोकी असतील, कॅमेरे मांडलेले असतील, असं त्याला वाटलं होतं. तसं काहीच नव्हतं. ट्रे कोपऱ्यात कोरडे पडले होते. मधोमध दोन पाट होते, एकमेकांकडे तोंड करून ठेवलेले. एकावर धूळ नव्हती. दुसऱ्यावरही नव्हती.

 भूपेंद्रने बापाजवळ येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, जीवाले लावून घेऊ नका. तुमचं अन् मायचं आयुष्य गेलं या अंधारात. मले आठवते ना, मी बाहेर रडत बसत होतो. चार पासपोर्ट फोटो धुवाले तुमाले दोन-दोन घंटे लागत. आता तेच काम दोन मिनिटात होते."

देवचंद भगदाडातून त्या पाटांकडे पाहत राहिला.

"फोटो तर तवाबी लवकरच होत होते, बा," तो म्हणाला. "बाकीचा वेळ तुही माय बोलत बसे. एवढ्या मानसाइच्या घरात तिचा आवाज मले तितंच आयकाले भेटे."