जवळचा चष्मा

“हातात दे. ओट्यावर ठेवून येऊ नको. दुसऱ्या कुणाजवळ धाडूही नको, तूच जा.”

खाजामियाँ हे बोलले तेव्हा त्यांच्या घशाखाली पाणीसुद्धा उतरत नव्हतं. शरिफाबीनं मान हलवली. तेवढं बघून त्यांनी डोळे मिटले.

त्याला चार महिने दहा दिवस झाले. विधवेनं घरातच काढायच्या इद्दतीत होती म्हणून इतके दिवस शरिफाबीनं उंबरा ओलांडला नव्हता. काल इद्दत संपली. आज पहाटेची नमाज झाल्यावर तिनं नेहमीसारखं कुराणाचं एक पान वाचलं, नवऱ्याच्याच चष्म्यातून. वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि खोक्यात न ठेवता मांडीवर ठेवला.

कैक वर्षांमागं सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत एक फेरीवाला ताटात चष्मे मांडून बसला होता. खाजामियाँनी सदऱ्याला टोचलेली सुई काढली, एकेक चष्मा डोळ्याला लावला आणि दोरा ओवून पाहिला. ज्यातून पहिल्या खेपेला ओवला गेला, तो घेतला. शिवणकाम करणाऱ्याला आणखी कसली तपासणी लागते?

दुपारी मशीन थांबली की तोच चष्मा गल्लीतल्या दोस्ताच्या, बलभीमच्या नाकावर चढायचा. खाजामियाँना उर्दू यायचं, मराठी अक्षर लागायचं नाही. बलभीमला अक्षर लागायचं, पण चष्मा नव्हता. असं दोघं मिळून एक वर्तमानपत्र वाचायचे. “माझे डोळे मियाँच्या मशीनवर ठेवल्याले असत्यात,” बलभीम गिऱ्हाइकांना सांगायचा.

लांबचं मात्र दोघांनाही चष्म्याशिवाय लख्ख दिसायचं. बलभीम तर आपल्या ओट्यावर बसून, वेशीतून आत येणारी गाडी कुणाची हे बैलांच्या चालीवरून सांगायचा.

निजामाचं राज्य गेलं त्या महिन्यात अणदुरात लष्कराची मोटार आली. चावडीपुढं माणसं ओळीनं उभी केली. खाजामियाँना मशीनवरून उठवून आणलेलं, चष्मा तसाच नाकावर. तुझ्याबद्दल कोण सांगेल, असं साहेबानं विचारल्यावर त्यांनी एकच नाव घेतलं. बलभीमला पुढं बोलावलं. याला ओळखतोस का, हा रझाकारांत होता का? सगळा गाव बघत होता. बलभीम चार हातांवर उभा होता.

“चष्म्याबिगर नीट वळखू येत न्हाय, साहेब,” तो म्हणाला.

खाजामियाँनी नाकावरचा चष्मा काढला आणि त्याच्यापुढं धरला.

बलभीमनं हात पुढं केला नाही.

मग मोटारीत चढवताना धक्काबुक्की झाली, त्यात चष्मा खाली पडला. तो शरिफाबीनं उचलून आणला. उजव्या काचेला तडा गेला होता, एक दांडी तुटली होती. खाजामियाँ तेरा महिन्यांनी सुटून आले, त्यांनी तडा गेलेल्या काचेतूनच सुई ओवली आणि पुन्हा शिवायला बसले. बलभीम त्यानंतर दुकानाची पायरी चढला नाही. दहा वर्षं समोरून गेला, पण मान खाली घालून.

आज सकाळी लालमहंमदनं मशीनवरून आईकडं पाहिलं आणि पाय थांबवला. सोमवारी चुलतमामाकडं तामलवाडीला जाऊ, इद्दतीनंतरचं पहिलं पाऊल आपल्या माणसात पडू दे, असं तो रात्रीच बोलून झाला होता. चष्मा द्यायला बलभीमच्या दारात कशाला? सून सायराबी चुलीपुढून म्हणाली की चष्मा गेल्यावर सदऱ्यांची काजं कोण करणार? म्हाताऱ्या डोळ्यांना चष्म्याबिगर सुईचं भोक सापडत न्हाय, आन् मला तर काज घालता येत न्हाय. ते खरंच होतं. नवरा गेल्यापासून शरिफाबी काजं-बटणं करून आपल्या भाकरीपुरतं मिळवत होती.

“अम्मा, एवढं सांग,” लालमहंमद म्हणाला. “ही माफी हाय का सजा?”

“मला ठावं न्हाय.”

“अब्बांनी सांगितलं न्हाय?”

“त्यांनी ‘हातात दे’ म्हटलं. म्या व्हय म्हटलं.”

“त्याला तवाबी दिसत होतं, अम्मा.”

“ते त्यांना म्हायत न्हवतं व्हय?”

लालमहंमदनं मशीनचं चाक हातानं फिरवलं आणि सोडून दिलं.

शरिफाबीनं चष्मा परत डोळ्याला लावला. दांडीच्या जागी बांधलेला दोरा कानामागं अडकवला. घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सुया तिनं पुढ्यात घेतल्या आणि एकेक करून ओवू लागली. पांढरा दोरा, काळा दोरा, खाकी. ओवलेली सुई चिंधीच्या उशीत टोचायची आणि दुसरी घ्यायची. अठरा सुया झाल्या. दोन-तीन दिवस तेवढ्या पुरल्या असत्या, सुनेकडं ओवायला मागावं लागलं नसतं. काज बोटानं चाचपून घालता येतं, सुई ओवता येत नाही.

मग तिनं काचा पदरानं पुसल्या. तडा पुसून जायचा नव्हता, तरी तिथंही पदर फिरवला. डोक्यावरून पदर नीट घेतला, बिसमिल्ला म्हटलं आणि उंबऱ्याबाहेर पाय ठेवला.

खंडोबाच्या देवळाकडं जाणाऱ्या वाटेच्या पार त्या टोकाला बलभीम ओट्यावर बसला होता. मधे सारी गल्ली होती. शरिफाबी दारातून बाहेर आली तसा तो उठून उभा राहिला. इतक्या लांबून त्यानं तिला ओळखलं होतं.

तिनं मूठ उघडली, चष्मा तळहातावर घेतला, आणि हात तसाच पुढं धरून चालू लागली.